विमान लेट, समोसा गार

मागच्या अंकात सहज लिहिलं होतं की विमानप्रवासाच्या तक्रारी असतील तर पाठवा, आणि मेलबॉक्स भरूनच गेला. निम्मी पत्रं दर आठवड्याला पुणे-दिल्ली नाहीतर पुणे-बंगळुरू करणाऱ्यांची आहेत, बाकीची पोराबाळांकडे ये-जा करणाऱ्या आईवडिलांची. पत्रांमधली कंपन्यांची नावं काढून टाकलीयेत, कारण नाव बदललं तरी पत्र तेच राहतं असं वाचताना लक्षात आलं. निवडक घेतोय.

दर आठवड्याला पुणे-दिल्ली असतं, नेहमीच्या प्रवाशांना कंपनी देते ते वरच्या टियरचं कार्ड आहे. परवा संध्याकाळी साडेसातची फ्लाइट आधी अर्धा तास लेट, मग अजून अर्धा, मग अजून, असं करत रात्री साडेबाराला उडाली. मिळालं काय तर एक गार समोसा आणि ज्यूसचा डबा, तोही मागितल्यावर. काउंटरवर विचारलं तर ‘ऑपरेशनल रीझन सर’. आमच्यासारख्या रेग्युलर लोकांना काही हक्क आहेत की नाही?
– वैतागलेला, बाणेर

आहेत की. पण कार्डामुळे नाहीत, तिकिटामुळे आहेत, म्हणजे पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या आजोबांना जे आणि जेवढे तेच तुम्हाला.

डीजीसीएचा, म्हणजे विमानवाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम असा आहे की प्रवासाचा ठरलेला वेळ, ज्याला ब्लॉक टाइम म्हणतात, तो अडीच तासांपर्यंत असेल तर दोन तास उशीर झाला की वेळेवर चेक-इन केलेल्या माणसाला खाणंपिणं कंपनीनं द्यायचं. अडीच ते पाच तासांच्या फ्लाइटला तीन तास, त्याहून लांबच्या फ्लाइटला चार. पुणे-दिल्ली अडीच तासांच्या आतच येतं, म्हणजे साडेनऊलाच तुमच्या हातात काहीतरी यायला हवं होतं, तेही न मागता. आता ‘काहीतरी’ म्हणजे समोसा की जेवण हे मूळ नियमात लिहिलेलं नव्हतं, पण नोव्हेंबर 2024 मध्ये डीजीसीएनं कंपन्यांना सांगितलंय की दोन ते चार तासांच्या उशिराला चहा-कॉफी आणि खाऊ, चारच्या वर गेला की जेवण.

पुढची पायरी सहा तासांची. उशीर सहा तासांच्या वर जाणार असेल तर कंपनीनं आधी कळवायचं आणि सहा तासांच्या आतलं दुसरं विमान किंवा पूर्ण रिफंड, यातलं काय हवं ते तुम्ही सांगायचं. रात्री 8 ते पहाटे 3 मध्ये सुटणारं विमान सहा तासांहून जास्त लटकलं तर हॉटेलसुद्धा. तुमचं विमान साडेसातचं, म्हणजे त्या वेळेच्या अर्धा तास अलीकडे, आणि उशीर पाच तास. दोन्हीकडून हुकलात. यात कंपनीचा कावा होता असं मी म्हणणार नाही, बऱ्याचदा त्यांनाही खरंच माहीत नसतं मागचं विमान कधी येतंय, पण हे अर्ध्या अर्ध्या तासाचे हप्ते पडतात ना त्यात माणूस ना घरी जाऊ शकतो ना दुसरं तिकीट काढू शकतो, आणि सहा तासांचा आकडा काही कधी जाहीर होत नाही. म्हणून प्रत्येक मेसेजचा स्क्रीनशॉट काढून ठेवायचा. नंतर भांडायचं झालं तर तोच कामाला येतो, आठवणीतून सांगितलेल्या वेळा कोणी ऐकून घेत नाही.

आणि अजून एक कटू गोष्ट. नुसत्या उशिरासाठी आपल्याकडे रोख भरपाई नाहीच. युरोपातून सुटणारं विमान तीन तासांहून जास्त लेट पोचलं आणि चूक कंपनीची असली तर 2004 सालच्या त्यांच्या नियमाखाली अंतराप्रमाणे 250 ते 600 युरो मागता येतात, आपल्याकडे समोसा. ‘ऑपरेशनल रीझन’ हे मात्र चालवून घेऊ नका. हवामान, एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण), सुरक्षा अशी कारणं असली की कंपनी बऱ्याच जबाबदारीतून सुटते, क्रू नव्हता किंवा विमान नादुरुस्त होतं म्हटलं की इतकी सहज सुटत नाही. त्यामुळे मेल टाकून नेमकं कारण लेखी मागा.

जमत असेल तर संध्याकाळची सोडून सकाळची पहिली फ्लाइट पकडा. एकच विमान दिवसभर चार-पाच गावं फिरतं, दिल्लीत सकाळी धुकं पडलं की ते संध्याकाळी लोहगावला जाणवतं. आपला विमानतळ पडला हवाई दलाचा, मुंबईसारखा फक्त प्रवाशांसाठी नाही, त्यामुळे एकदा घडी विसकटली की ती सावरायला जागा कमी.

चार जणांचं तिकीट, एकच पीएनआर, तरी सात वर्षांच्या मुलीला सहा रांगा मागे सीट दिली. एकत्र बसायचं असेल तर पैसे भरा म्हणाले. भरले शेवटी. हे बरोबर आहे का?
– सिंहगड रोडवरची आई

अजिबात नाही. एप्रिल 2024 मध्ये डीजीसीएनं स्पष्ट सांगितलंय की 12 वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई, वडील किंवा पालकापैकी निदान एकाच्या शेजारी सीट द्यायचीच, आणि तशी नोंदही ठेवायची. आता ‘निदान एक’ हे लक्षात घ्या, चौघं एका रांगेत हा हक्क नाही, नवऱ्याला चोविसाव्या रांगेत पाठवलं तर ते नियमात बसतं (काहींना आवडतंही).

पण मुळात गंडवतो तो वेब चेक-इनचा स्क्रीन. सीटांचा नकाशा उघडतो, निळ्या-जांभळ्या चौकोनांवर तीनशे, साडेचारशे, पुढे पाय पसरायच्या जागेला हजाराच्या वर, फुकट असलीच तर शेवटून दुसऱ्या रांगेतली मधली. खाली ‘कंटिन्यू’चं मोठं रंगीत बटण आणि ‘सीट न निवडता पुढे जा’ हे राखाडी बारीक अक्षरात, कधी कधी तर दुसऱ्या खिडकीत, तिथेही विचारणार की नक्की ना, शेजारी बसायचं नाही ना. लोक घाबरून पैसे भरतात. सीट निवडायचे पैसे घ्यायला परवानगी आहे, बसायचे नाही, तिकिटात सीट आलेलीच आहे. तुम्ही पुढे जा, सीट लागते. मुलगी लांब टाकली तर काउंटरवर जाऊन एप्रिल 2024 चा नियम म्हणा, बहुतेक वेळा दोन मिनिटांत काम होतं. आणि काउंटरवर बोर्डिंग पास छापून द्यायचे पैसे मागितले तर तेही देऊ नका, जुलै 2022 मध्ये विमानवाहतूक मंत्रालयानंच ते बंद केलंय. तुम्ही भरलेत त्याचा परतावा लेखी मागा, मुलीच्या वयाचा पुरावा जोडून.

माझं वय 74. नोकरीत असताना विमानात काचेच्या ग्लासात पाणी आणि गरम जेवण मिळत असे. परवा कपातला उपमा खाल्ला आणि मन उडाले. ही अधोगती कशामुळे? उत्तर सविस्तर द्यावे.
– एक निवृत्त अभियंता, सदाशिव पेठ

काका, तो कपातला उपमा मीही बघतो नेहमी. झाकण अर्धं सोलायचं, आत पिवळसर रवा आणि वाळलेले दोन कढीपत्ते, वरून गरम पाणी रेषेपर्यंत ओतायचं आणि झाकण लावून थांबायचं. ते फुगेपर्यंत पुणे-हैदराबादला उतरायची घोषणा होते आणि मागून कचऱ्याची पिशवी येते. त्याचे अडीचशे रुपये देणारा माणूस वैशालीत सांबार जरा पातळ झालं तर मॅनेजरला बोलावतो, हीपण गंमतच आहे.

सविस्तर पाहिजे म्हणालात म्हणून सांगतो. काचेच्या ग्लासवाल्या कंपन्या एकेक करून गेल्या. किंगफिशर 2012 मध्ये बंद पडली, जेट 17 एप्रिल 2019 ला, विस्तारा 12 नोव्हेंबर 2024 ला एअर इंडियात विलीन झाली. टाटांनी एअर इंडिया जानेवारी 2022 मध्ये परत घेतली तेव्हा आपल्या सगळ्यांना भरतं आलं होतं, पण जुन्या विमानांमधल्या सीटा एका रात्रीत नव्या होत नाहीत, फेब्रुवारी 2025 मध्ये तर केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनाच भोपाळ-दिल्ली विमानात खचलेली सीट मिळाली आणि त्यांनी ते जाहीर लिहिलं, कंपनीला माफी मागावी लागली. मंत्र्याची ती गत तर आपण कोण. मधल्या काळात गो फर्स्टही मे 2023 मध्ये बसली. आता देशातल्या दर दहा प्रवाशांमागे सहाहून जास्त एकट्या इंडिगोनं जातात आणि उरलेल्यातले बहुतेक एअर इंडियाच्या गटातनं. म्हणजे रागावून जायचं म्हटलं तर जाणार कुठे? या दुकानातनं निघून त्या दुकानात, आणि पुण्याहून कित्येक गावांना तर एकच दुकान.

याचा अर्थ काय होतो ते डिसेंबर 2025 मध्ये दिसलं. वैमानिकांना आठवड्याला 36 ऐवजी 48 तास विश्रांती द्यायचा, रात्रीच्या लँडिंग कमी करायचा नियम 1 नोव्हेंबरपासून पूर्ण लागू झाला, नियम येणार हे सगळ्यांना बरंच आधीपासून माहीत होतं, तरी इंडिगोचं माणसांचं गणित जुळलं नाही आणि आठवड्याभरात हजारो उड्डाणं रद्द. बाकीच्यांची भाडी इतकी भडकली की सरकारला मर्यादा घालावी लागली, 500 किलोमीटरपर्यंत 7,500 रुपये, 1,500 च्या पुढे 18,000. एका कंपनीला सर्दी झाली आणि अख्खा देश शिंकला.

खर्चाची बाजूही आहे, ती नाकारून चालणार नाही. विमानाचं इंधन अजून जीएसटीत नाही, राज्यागणिक व्हॅट वेगळा. आपल्याकडे पुणे, मुंबई आणि रायगडला तो 25 टक्के होता, 2023 च्या राज्य अर्थसंकल्पात 18 वर आणला. प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांच्या भानगडीत कितीतरी विमानं महिनोन्महिने जमिनीवर बसून होती. हे सगळं खरं, तरीपण मला विचाराल तर जेवण गेलं ते आपल्यामुळेसुद्धा गेलं. अ‍ॅप उघडलं की आपण सगळ्यात आधी भाड्याप्रमाणे लावून घेतो आणि तीनशे रुपयांनी स्वस्त दिसतं ते उचलतो, मग कंपनी भाड्यातनं एकेक गोष्ट बाहेर काढते, आधी जेवण, मग सीट, मग बॅग. ग्लास आता परत यायचा नाही काका. मला त्याचं वाईटही फार वाटत नाही, जेवण काय पुण्यातनं बांधून नेता येतं, सुरक्षा तपासणीत पोळीभाजीला कोणी अडवत नाही, फक्त पातळ काही नको. मला राग येतो तो कायद्यानं द्यायची गोष्टसुद्धा मेहेरबानी केल्यासारखी देतात याचा.

विमान कंपनीचे पॉइंट साठवतेय, अजून वर्षभर थांबले तर दोघांचं सिंगापूर निघेल. थांबू का?
– कल्याणीनगर

नको. आत्ता जे निघतंय ते काढा. पॉइंटचा भाव कंपनी ठरवते आणि कधीही बदलते. किंगफिशरबरोबर लोकांचे पॉइंटही गेले. जेटचे माइल्स, म्हणजे त्यांचे पॉइंट, वेगळ्या कंपनीत होते म्हणून वाचले, पण ते ज्या विमानांसाठी जमवले ती विमानंच राहिली नाहीत. बँकेत व्याज तरी मिळतं.

मामेभावाच्या लग्नाला चंदीगडला जायचं होतं. आदल्या रात्री अकराला मेसेज, ‘तांत्रिक कारणाने’ सकाळची फ्लाइट रद्द. दुसरी फ्लाइट परवाची देत होते. लग्न हुकलं. रिफंड आला, पण तेवढ्यानं विषय संपला का? आणि तिकीट ट्रॅव्हल एजंटकडून काढलं होतं, तो म्हणतो आता काही होत नाही.
– पिंपळे सौदागर

एजंट काहीही म्हणू दे, होतं. सुटायच्या वेळेपासून 24 तासांच्या आत कळवून विमान रद्द केलं आणि कारण कंपनीच्या हाताबाहेरचं नसेल तर रिफंडच्या वर भरपाई आहे: एक तासापर्यंतच्या फ्लाइटला 5,000, दोन तासांपर्यंत 7,500, त्यापुढे 10,000 रुपये, किंवा तुमचं एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यातलं जे कमी असेल ते. ‘जे कमी असेल ते’ हे शब्द लोक वाचत नाहीत आणि मग दहा हजार का नाही मिळाले म्हणून चिडतात. तांत्रिक बिघाड कंपनी आपोआप हाताबाहेरच्या कारणात ढकलते, तो खरंच तसा होता का हे दाखवायचं काम त्यांचं.

तुमच्या बाबतीत एक खाचखळगा आहे. बुकिंगमध्ये संपर्काचा नंबर नीट दिला नसेल तर भरपाई नाकारता येते, आणि कित्येक एजंट प्रवाशाच्या जागी स्वतःचाच नंबर आणि मेल टाकतात. तुम्हाला मेसेज थेट आला म्हणजे वाचलात. बाकीच्यांनी तिकीट हातात पडल्या पडल्या कंपनीच्या साइटवर पीएनआर टाकून आपला नंबर आहे का ते बघावं, नसेल तर तिथल्या तिथे घालावा.

आता करायचं काय, तर आधी कंपनीच्या नोडल ऑफिसरला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याला, मेल, त्यांचा पत्ता साइटवर तळाला असतो, द्यावाच लागतो. आठवडा-दोन आठवडे वाट बघून एअरसेवा पोर्टलवर तक्रार, ते केंद्र सरकारचं आहे, तिथे तक्रार पडली की ज्या कंपनीकडून मेलला उत्तर नव्हतं तिचा अचानक फोन येतो असा अनेकांचा अनुभव. तरी नाही हललं तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन, आणि त्यानंतर सरळ जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक कायद्यानं तुम्ही जिथे राहता तिथेच केस करता येते, दिल्ली-गुरुग्रामला हेलपाटे नाहीत, तिकिटाला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइन दाखल होतं, मुदत दोन वर्षं. लग्न हुकल्याचा मनस्ताप, हॉटेलचं आगाऊ भरलेलं बुडालं असेल तर ते, हे डीजीसीएच्या आकड्यांच्या बाहेरचं सगळं मागायची जागा ही. पत्रिका, हॉटेलची पावती आणि तो रात्री अकराचा मेसेज जोडा. ग्राहक पंचायत 1974 मध्ये बिंदुमाधव जोशींनी याच पुण्यात सुरू केली, आणि तरी आपण एजंट म्हणतो म्हणून गप्प बसतो, बरं दिसत नाही ते.

आईला (वय 81) व्हीलचेअर सांगितली होती. पुण्यात मिळाली, उतरल्यावर चाळीस मिनिटं विमानाच्या दारात बसवून ठेवलं. पैसे देऊन लवकर मिळते का?
– औंध

पैसे द्यायचे नाहीत, ही सेवा टर्मिनलच्या दारापासून विमानापर्यंत आणि उतरल्यावर बाहेर पडेपर्यंत फुकटच आहे. 48 तास आधी बुकिंगमध्ये नोंद घाला आणि ती तिकिटावर छापून आली का बघा, फोनवर ‘नोट केलंय मॅडम’ म्हणाले त्याला अर्थ नाही. उतरताना खुर्ची आली नाही तर आईंना सांगा, सीटवरून उठायचंच नाही. विमान रिकामं झाल्याशिवाय त्यांना पुढची तयारी करता येत नाही, त्यामुळे बसून राहिलेल्या आजी त्यांना परवडत नाहीत. दारात उभं राहिलेल्या आजींकडे मात्र कोणी बघत नाही.

परदेशी जाताना मुंबई गाठायची की आता नवी मुंबई? आणि लोहगावच्या टॅक्सीचं काहीतरी लिहा हो.
– वारजे

नवी मुंबईहून 25 डिसेंबर 2025 पासून उड्डाणं सुरू झालीयेत, एक्स्प्रेसवेवरून येणाऱ्याला ते मुंबईच्या बरंच अलीकडे पडतं, सायन-चेंबूरचं ट्रॅफिक वाचतं, पण आधी तुमची फ्लाइट तिथून आहे का ते बघा, सगळ्या नाहीत. लोहगावचं नवं टर्मिनल जुलै 2024 मध्ये सुरू झालं, आत छान आहे, बाहेर आलं की अ‍ॅपवाली टॅक्सी पकडायला एरोमॉल नावाच्या पार्किंगच्या इमारतीपर्यंत बॅगा ओढत जायचं आणि वर भाडं बघून घाम पुसायचा. सामान कमी असेल तर रिक्षानं रामवाडी मेट्रो गाठा, वनाजपर्यंत थेट जाते, वारज्याला तिथून जवळ पडतं. रात्री उशिरा मात्र मेट्रो नाही, तेव्हा मित्रालाच फोन करा.

बॅगेचं वजन 700 ग्रॅम जास्त भरलं म्हणून पैसे मागितले, मी आवाज चढवला. बायको म्हणते त्या पोराची काय चूक, आणि तुला विमानात बसू दिलं नसतं तर? तिच्या सांगण्यावरून विचारतोय, असं करू शकतात का?
– कर्वेनगर

करू शकतात. डीजीसीएच्या 2017 च्या नियमाप्रमाणे नुसती शिवीगाळ, अरेरावी ही पहिली पायरी, तिला तीन महिन्यांपर्यंत बंदी. अंगावर हात टाकला की सहा महिन्यांपर्यंत, जिवावर बेतणारं काही केलं तर दोन वर्षं आणि पुढे. तुम्ही नुसते ओरडलात, कोणी मनावर घेतलं नाही इतकंच.

आणि वहिनींचं बरोबर आहे. काउंटरवरचं ते पोर कित्येकदा एअरलाइनचं नसतंच, ग्राउंड हँडलिंगच्या ठेकेदाराचं असतं, शिफ्ट पहाटे तीनला सुरू झालेली, त्याला 700 ग्रॅम सोडायचा अधिकार नाही आणि तुम्हाला उलट बोलायचाही नाही. ड्यूटी मॅनेजरला बोलवा म्हणायचं, शांतपणे, आणि पैसे घेतलेच तर पावती मागायची. त्याहून सोपं म्हणजे काट्याच्या बाजूला होऊन बॅग उघडा, एक जीन्सची पँट काढून अंगावरच्या पँटवर चढवा आणि परत रांगेत या. अंगावरच्या कपड्यांचं वजन अजून तरी कोणी करत नाही.